जकात, उपकर, स्थानिक संस्था कर: एकच की वेगळे?

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रात जकात केव्हाच बंद झाली, तरी महापालिकांच्या अर्थसंकल्पाच्या बातम्यांत 'जकातीचे उत्पन्न' दिसते. जकात, उपकर, स्थानिक संस्था कर आणि जीएसटी अनुदान ही एकाच गोष्टीची नावे आहेत का?

पहिली तिन्ही नावे एकाच गोष्टीवर, म्हणजे माल शहराच्या हद्दीत येण्यावर, बसणाऱ्या करांची आहेत. चौथा मुळात कर नाहीच.

जकात हा अरबी शब्द फारसीमार्गे आला. मूळ अर्थ धार्मिक दानाचा, मराठी दप्तरांत मात्र तो मालावरच्या महसुलासाठी रुळला. मराठेशाहीत माल भरला तिथे थळभरीत आणि विकला तिथे थळमोड असे तिचे पोटभेद होते. महापालिकेची जकात मला थळमोडीच्या जवळची वाटते, कारण माल कुठून निघाला याला तिथे महत्त्व नव्हते. तो शहरात कशासाठी आला हे पाहिले जाई.

हा 'कशासाठी' कायद्यात तीन शब्दांत होता: उपभोग, वापर किंवा विक्री. राज्यघटनेतल्या राज्यसूचीच्या (राज्यांच्या अधिकारांच्या यादीच्या) 52व्या नोंदीने हा कर लावण्याचा अधिकार दिला होता. 2016च्या 101व्या घटनादुरुस्तीने ती नोंद गेली. उपभोगात वस्तू खर्ची पडते, जसे तेल. वापरात ती टिकते, जसे यंत्र. शब्दांची ही ओढाताण बर्मा शेल ही तेल कंपनी आणि बेळगाव नगरपालिका यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. निकाल असा लागला की बेळगावात आणून तिथल्या ग्राहकाला, थेट किंवा विक्रेत्यामार्फत, विकलेल्या मालावर जकात लागते, मग ग्राहकाने तो पुढे गावाबाहेर नेऊन वापरला तरी. पण आणून तसाच बाहेर रवाना केलेला माल जकातीतून सुटतो. शहर ओलांडून पुढे जाणाऱ्या ट्रकला नाक्यावर जकातीऐवजी पारगमनाचा कागद का करावा लागे, ते यावरून कळते.

जकात नाक्यावर रोख भरली जाई. दर बहुधा बिलाच्या किमतीवर शेकडा असे, त्यामुळे बिल कमी रकमेचे दाखवणे ही नेहमीची चोरी. तपासणीला वेळ लागला की मुंबईत दहिसर, मुलुंडला रांगा लागत. स्थानिक संस्था कर (एलबीटी) हाही प्रवेशावरचाच कर, फक्त नाका गेला आणि खातेवही आली: व्यापाऱ्याने नोंदणी करायची, हद्दीबाहेरून केलेली खरेदी नोंदवायची, महिन्याचा कर स्वतः काढून भरायचा. नवी मुंबईत याच धर्तीची वसुली आधीपासून 'उपकर' नावाने होती. काही महापालिकांत एलबीटी 2010 मध्ये, तर पुण्यासारख्या मोठ्या शहरांत 2013 मध्ये लागू झाला. व्यापाऱ्यांचा राग दरापेक्षा हिशेबतपासणीवर अधिक होता. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. मुंबईत मात्र जकात 30 जून 2017 पर्यंत चालली.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेला मिळते ती राज्याकडून नुकसानभरपाई; 'जीएसटी अनुदान' म्हणतात ते हेच. 2016-17चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ, आणि रक्कम महिन्याच्या हप्त्याने. म्हणजे पायाचे 100 रुपये पहिल्या वर्षी 108, दुसऱ्या वर्षी 116.64, तिसऱ्या वर्षी जवळपास 126. शहरातला व्यापार दुप्पट झाला काय किंवा रोडावला काय, हा आकडा हलत नाही. हे पैसे कुठल्या एका कामाला बांधलेलेही नसतात. ते महसुली जमेत जाऊन पगार, निवृत्तिवेतन, वीजबिले, सफाई यांवर खर्च होतात. म्हणून हप्ता लांबला की लहान महापालिकांत आधी पगार अडतात आणि ठेकेदारांची बिले मागे पडतात.

तेव्हा 'जकातीचे उत्पन्न' आज चूक. 'जकातीपोटी मिळालेली भरपाई' बरोबर, कारण इथे 'पोटी' म्हणजे 'च्या बदल्यात'. 'जीएसटीतला महापालिकेचा वाटा' असेही छापून येते. तेही टाळावे: वाटा म्हटले की वसुलीबरोबर रक्कम कमी-जास्त होते असा समज होतो, आणि इथे तसे होत नाही.