अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, वेगवेगळ्या संस्कृतींची नृत्यं शिकवायची आहेत. ‘दर आठवड्याला एक देश’ हा बेत कसा वाटतो?

मी अशाच एका शाळेत नृत्य शिकवते, म्हणून स्पष्टच सांगते: हा बेत सोडा. पाऊण तासाच्या तासिकेत हजेरी आणि बूट काढणं यातच बराच वेळ जातो. उरलेल्या वेळात भांगडा उरकला, तर मुलांच्या लक्षात फक्त खांदे उडवणं राहतं. पूर्ण सत्रात दोन-तीनच नृत्यं घ्या.

सुरुवात तुमच्या अंगात मुरलेल्या नृत्यापासून करा. लेझीम येत असेल तर लेझीमच. आपल्यातले कितीतरी जण ती शाळेच्या कवायतीतच शिकलेत, त्यामुळे मोठ्या वर्गाला कशी शिकवायची हे वेगळं शोधावं लागत नाही.

दुसरं म्हणून मी फिलिपिन्सचं तिनिकलिंग सुचवेन. दोघं जण लांब बांबू जमिनीवर आणि एकमेकांवर आपटतात आणि नाचणारे त्यांच्या आतबाहेर उड्या मारतात. टिकलिंग नावाच्या पक्ष्याच्या चालीवरून ते आलंय. मूळ ठेका तीनचा. शाळांत सोपं जावं म्हणून पुष्कळदा चारचा करतात. मी आधी चारचा घेते, पण तीनचा ऐकवल्याशिवाय पुढे जात नाही. यात कुणाचा हात धरावा लागत नाही, म्हणून घरून त्याची परवानगी नसलेली मुलंही सहज येतात. ज्यांना उड्या जमत नाहीत त्यांच्याकडे बांबू द्या. ते कमी दर्जाचं काम अजिबात नाही, सगळ्यांचा ठेका त्यांच्याच हातात असतो!

चार जोड्यांनी चौकोनात उभं राहून करायचा स्क्वेअर डान्स ‘इथलाच’ म्हणून कुणी त्याची गोष्ट सांगत नाही. तुम्ही सांगा. 1920च्या दशकात मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डनं अशी जुनी नृत्यं शाळाशाळांत नेण्यासाठी पैसा ओतला, कारण त्याला कृष्णवर्णीयांमधून आलेल्या जॅझ संगीताचा तिटकारा होता. गंमत अशी, की स्क्वेअर डान्समध्येही नाचणाऱ्यांना पुढची चाल ओरडून सांगायची पद्धत रुजवण्यात कृष्णवर्णीय वादकांचा मोठा वाटा होता. पाचवीच्या मुलांना हे नीट कळतं आणि मग ती चांगले प्रश्न विचारतात.

अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांच्या नृत्यांबाबत मात्र हात आखडता घ्या. सन डान्ससारखे विधी 1883च्या सरकारी नियमांनी गुन्हा ठरवले होते. ते धार्मिक आहेत, व्हिडिओ पाहून वर्गात बसवायचे नाहीत. त्या समाजातल्या कलाकाराला बोलवा, काय दाखवायचं ते त्यांना ठरवू द्या आणि मानधन द्या. पैशांसाठी मुख्याध्यापकांना ‘टायटल फोर-ए’बद्दल विचारा, 2015च्या शिक्षण कायद्यातला तो निधी कलाशिक्षणासाठी वापरता येतो.

आणखी एक. ‘तुमच्याकडचं नाचून दाखव’ असं एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणू नका. आईवडील मेक्सिकोचे असले म्हणून तिला तिथलं लोकनृत्य येईलच असं नाही. तिला टिकटॉकवरचं येत असेल आणि तेही वर्गात चालायला हवं. ‘घरी, लग्नात कोण कसं नाचतं?’ असं सगळ्यांनाच विचारलं, की ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलतो.

शेवटी शाळा कार्यक्रम मागेलच. मी भाड्याचे पोशाख आणून रंगमंचावर उभं करायच्या विरोधात आहे. त्यापेक्षा शेवटच्या तासाला पालकांना बोलवा आणि मुलांनाच त्यांना शिकवू द्या. बांबूच्या दोन-तीन जोड्या जास्तीच्या ठेवा.