वाचकांचे प्रश्न : वर्षं नव्हे, फेऱ्या मोजा

प्रश्न : १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर उडता उडता निघून गेलं. विमान १९ वर्षांचं होतं. जुनाट झालं म्हणूनच फाटलं ना?

उत्तर : वर्षांवर गेलात तर फसाल. पत्रा झिजतो तो फुगून आणि पुन्हा बसून. वर गेल्यावर केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटीमीटरला जवळजवळ अर्ध्या किलोने जास्त असतो, म्हणजे चौरस मीटरमागे जवळजवळ पाच टन. उतरलं की तो गेला. हँगरमध्ये याला सायकल म्हणतात; आपण फेरी म्हणू. हिलोहून होनोलुलूला निघालेल्या या विमानाच्या ३५,४९६ तासांत ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या. सरासरी काढली तर एक उड्डाण २४ मिनिटांचं! मुंबई-लंडन करणाऱ्या विमानाच्या तेवढ्याच तासांत जेमतेम चार हजार होतील.

मात्र या आकड्यानेही उत्तर पुरं होत नाही. बेटाबेटांतल्या छोट्या उड्डाणांत दर वेळी पूर्ण दाब भरतही नसे. खरी मेख सांध्यात होती. सुरुवातीच्या ७३७ मध्ये ०.९ मिलिमीटरचे पत्रे साडेसातेक सेंटीमीटर एकमेकांवर चढवून मध्ये इपॉक्सी (घट्ट बसणारा गोंद) लावलेलं कापड घालत आणि वरून रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, तीन ओळी मारत. भार मुख्यतः इपॉक्सीने वाहायचा. हे कापड गारठ्यात साठवलेलं असे. लावताना त्यावर दव धरलं किंवा पत्रा नीट साफ नसला की पकड कच्ची राही. मग फटीत खारी, दमट हवा शिरते, ॲल्युमिनियमचा गंज फुगतो, पत्रे आणखी दूर लोटले जातात आणि सगळा भार रिव्हेटांवर येतो. रिव्हेटचं डोकं पत्र्यात बुडावं म्हणून भोकाला काउंटर मारलेला, म्हणजे तोंडाशी उतरता खोलगट घेर कापलेला. पण पत्रा इतका पातळ की काउंटर आरपार गेला आणि भोकाची कड सुरीच्या धारेसारखी झाली. चीर तिथूनच निघते, आणि एका भोकाशी नव्हे, सर्वांत वरच्या ओळीतल्या शेजारशेजारच्या कित्येक भोकांशी. एकटी लांब चीर डोळ्यांना सापडते. केसाएवढ्या चिरांची रांग सापडत नाही, आणि त्या एकमेकींना मिळाल्या की वेळ उरत नाही.

आत दर २५ सेंटीमीटरवर पट्ट्या होत्या, फाट तिथे अडून वळावी आणि पत्र्याची छोटी झडप उघडून दाब निघून जावा म्हणून. त्याही सुटलेल्या होत्या. २४,००० फुटांवर साडेपाच मीटर छप्पर गेलं. केबिन क्रूतील एक महिला मृत्युमुखी पडली. विमान माउईवरच्या काहुलुईला उतरलं. आदल्याच वर्षी एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, सांधे तपासायचा आदेश काढला होता, पण सक्ती फक्त एस-४ सांध्यापुरती (सांध्यांना असे क्रमांक असतात). फाटला एस-१०.

प्रश्न : आधी लहान भोक पडलं, त्यात ती महिला अडकली आणि दाबाच्या तडाख्याने छप्पर गेलं, असंही वाचलं.

उत्तर : होनोलुलूच्या एका मेकॅनिकल इंजिनीअरचा हा तर्क आहे. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी एनटीएसबीने त्यापायी आपला निष्कर्ष बदललेला नाही. आणि तो तर्क खरा धरला, तरी त्यातून फाट मोठी कशी झाली एवढंच कळतं. पहिलं भोक पडलं ते इपॉक्सी सुटलेल्या सांध्यातच.

प्रश्न : प्रवाशाला काही विचित्र दिसलं तर?

उत्तर : लगेच क्रूला सांगा. या विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळच्या रिव्हेटांच्या ओळीत चीर दिसली होती. ती कोणाला बोलली नाही. सांगताना जागा नेमकी सांगा: कोणती बाजू, दारापासून किंवा कितव्या रांगेपासून किती अंतरावर. रिव्हेटाभोवतून मागे ओघळलेला काळा पट्टा सांगण्याजोगा असतो, कारण सैल रिव्हेट घासून तशी काळी भुकटी निघते. चंदेरी चिकटपट्टी दिसली तर घाबरू नका; तिला स्पीड टेप म्हणतात, ती वरवरची फट किंवा उडालेला रंग झाकायला असते, भार पेलायला नाही. खिडकीच्या काचेतलं बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंखाची टोकं वरखाली होतात ती व्हायलाच हवीत.