पॅटिओवर कुंडीत लावायला कोणता क्लेमॅटिस (फुलांचा वेल) घेऊ?

सगळ्यात आधी त्यातला मोंटाना हा प्रकार टाळा. फुलं बघून मोह होतो, पण तो वेल ८-१० मीटर सुटतो, कुंडीत नुसती घुसमट होते त्याची. कुंडीसाठी दीड-दोन मीटरच्या आतबाहेर राहणारे बघा. पीलू नावाची जात मस्त आहे, गुलाबी, दीडेक मीटर, पहिला बहर बऱ्याचदा डबल पाकळ्यांचा आणि नंतरचा सिंगल. जोसेफीन थोडी उंच जाते पण एकेक फूल आठवडेच्या आठवडे टिकतं. पॅटिओवर कडक ऊन नसेल तर नेली मोझरपण चालेल, उन्हात तिचा रंग पार उडतो.

आता खरी गोम कुंडीत आहे. निदान ४५ सेंमी खोल आणि तेवढीच रुंद घ्या, आणि रोप नर्सरीच्या कुंडीत होतं त्यापेक्षा ५-७ सेंमी खोल लावा, म्हणजे मर रोग येऊन वरचं सगळं वाळलं तरी मातीखालच्या डोळ्यांतून (कळ्यांतून) परत फुटतं (रोप मेलं म्हणून लगेच उपटू नका). शेंडा उन्हात, मुळं गार असं हवं, म्हणून बुडाशी काहीतरी पसरणारं लावा नाहीतर सरळ खापरं ठेवा.

आणि हो, आधार बारीक द्या. क्लेमॅटिस पानाच्या देठाने पकडतो, देठ तारेला किंवा सुतळीला दोन वेढे घालतो, पण जाड बांबू त्याच्या कवेतच येत नाही. अराबेला घेतली तर ती मुळात पकडतच नाही, बांधत बसावं लागेल.