वाचकांचे प्रश्न : बुलेटचं टायमिंग आणि उलटी किक

प्रश्न : माझी बिडाच्या इंजिनाची जुनी 350 बुलेट आहे, पॉइंटवाली. मुंबईहून येताना कसारा घाटात इंजिन टिणटिण वाजतं आणि सकाळी किक उलटी पायावर येते. मेकॅनिक कानाने टायमिंग लावतो. घरी नेमकं कसं लावावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात : टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी पडण्याची वेळ, चुकली आहे आणि ठिणगी लवकर पडते आहे. पॉइंट म्हणजे कॅमने उघडमीट होणारा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते. पण तो ज्या प्लेटवर बसतो तिला हात लावण्याआधी पॉइंटच्या मागचं ऑटो अॅडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं-स्प्रिंगची जोडणी, बघा. कॅम बोटाने फिरवून सोडला की स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. वजनं गंजून पुढेच अडकली असतील तर टायमिंग कितीही नीट लावा, किक मारणारच. तिथे थेंबभर तेल पुरतं.

मग पॉइंटची गॅप. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने 0.35 ते 0.40 मिमी ठेवा. गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटला की मेहनत वाया, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे, म्हणजे लवकरच्या बाजूला, सरकतं.

इंजिन थंड हवं. प्लग काढा, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटाने सहज फिरतात का पाहा. फिरले तर पिस्टन कॉम्प्रेशनवर आहे. प्लगच्या भोकातून एक स्पोक पिस्टनवर टेकवून धरा. वरच्या टोकाला तो क्षणभर हलत नाही, त्या न हलणाऱ्या टप्प्याचा मध्य हेच टोक धरा. तिथून पिस्टन बराच मागे न्या आणि पुढे आणत टोकाच्या 0.8 मिमी आधी थांबवा. थेट मागे जाऊन तिथेच थांबलात तर गिअरच्या दातांमधली ढील मापात शिरते. प्लगचं भोक तिरकं असल्याने स्पोकवरची खूण थोडी फसवते, आणि टोकाजवळ पिस्टन इतका सावकाश सरकतो की 0.4 मिमीची चूक म्हणजे दोन ते तीन अंश. क्रँकवर डिग्री डिस्क लावता आली तर उत्तमच, 0.8 मिमी म्हणजे साधारण 9 ते 10 अंश.

आता दिवे बंद ठेवून चावी फिरवा आणि हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरकडे पाहा. पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो. उघडले की झटक्यात शून्यावर येतो. ऑटो अॅडव्हान्स विसावलेलं असताना हा झटका बरोबर 0.8 मिमीला यायला हवा. लवकर येत असेल तर प्लेटचे दोन्ही स्क्रू ढिले करून ती कॅम फिरतो त्या दिशेने केसभर सरकवा, उशिरा येत असेल तर उलट दिशेने. स्क्रू आवळताना प्लेट हमखास सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासा. चावी विनाकारण चालू ठेवू नका, कॉइल तापते.

घाटातला आवाज बंद व्हावा म्हणून टायमिंग फार मागेही नेऊ नका. जाळ उशिरा पेटला की उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि हेडमध्ये जाते, आणि ती ओढून घ्यायला या इंजिनात पाणी नाही. सायलेन्सरचा पाइप निळा पडणं आणि गाडी सुस्त होणं ही त्याची खूण. टायमिंग बरोबर असूनही टिणटिण राहिली तर हेडमधला कार्बन काढून घ्या. महाग पेट्रोल हा त्यावरचा खरा इलाज नव्हे.

प्रश्न : टायमिंग बरोबर लावलं तरी थोड्याच दिवसांत गाडी मंद होते. का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : पॉइंटची कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते. गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. नवे पॉइंट सुरुवातीला लवकर झिजतात, तेव्हा काहीशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा लावा. कॅमवर ग्रीस हवंच, पण मुगाच्या दाण्याएवढं. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं. पॉइंट काळेनिळे जळत असतील आणि गरम झाल्यावर इंजिन चुकत असेल, तर आधी कंडेन्सर (पॉइंटमध्येच ठिणगी उडू न देणारा भाग) बदला. पॉइंट साफ करायला पॉलिश पेपर नको, त्याचे कण मध्ये अडकतात. बारीक पॉइंट कानस वापरा आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसा.