ती गप्प आहे म्हणजे तिला पटलंय असं नाही

प्रश्न : माझं काटोल तालुक्यात कृषी केंद्र आहे, राहायला नागपुरात. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, मार्क चांगले आहेत. तिला बायोटेक्नॉलॉजी करून पुढे जेनेटिक्समध्ये जायचं आहे. आमचं घर माळकरी. महाराज म्हणाले, क्लोनिंग आणि जनुकांत ढवळाढवळ म्हणजे देवाच्या कामात हात घालणं, त्याचं पाप कुळाला लागतं. या लाइनला जाणार नाही, असं मी तिच्याकडून तुळशीवर हात ठेवून वदवून घेतलं. बी.फार्म.चा फॉर्म मीच भरणार आहे. ती आता काही बोलत नाही, म्हणजे पटलं असावं. तरी तुम्हीही तिला दोन शब्द सांगावे. – एक पालक

उत्तर : भाऊ, कॉलेजचं नंतर बोलू. ‘ती आता काही बोलत नाही, म्हणजे पटलं असावं’ हे तुमचं वाक्य वाचल्यापासून माझं लक्ष दुसरीकडे जात नाहीये. माझ्यासमोर बसणारी मुलं पटल्यावर गप्प होत नाहीत. पटलं की उलट दहा प्रश्न विचारतात : मग हॉस्टेल मिळेल का, मग एम.एस्सी. कुठून करू. बोलून उपयोग नाही हे कळलं की गप्प होतात. ती नीट जेवते का? झोपते का? मैत्रिणींशी फोनवर बोलते का? यातलं काही बिघडलेलं दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फिरवा. ॲडमिशन कुठे पळून जात नाही.

तुमच्या दोन पानी पत्रात (वर ते थोडक्यात दिलंय) कूळ आहे, महाराज आहेत, दुकान आहे. पोरीचं नाव कुठेच नाही. तिला जेनेटिक्सच का हवं, हे तुम्ही तिला विचारल्याचाही उल्लेख नाही. माळकरी घरात वाढलेल्या मुलीला तुळशीची शपथ हलकी नसते. मोडली तर पाप, पाळली तर जन्मभर सल. तिच्याच श्रद्धेने तुम्ही तिचं तोंड बंद केलंत. स्पष्ट सांगतो, मला यात धर्म दिसत नाही, धाक दिसतो.

आता पापाचं. भाऊ, दर जूनमध्ये तुमच्या दुकानातून बीटी कपाशीची पाकिटं जातात. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्या बियाण्यात घातलेलं असतं. २००२ साली देशात त्याला परवानगी मिळाली आणि आज संकरित कपाशीत बिगर-बीटी पाकीट शोधून सापडत नाही. त्या बियाण्याला गुलाबी बोंडअळी का जुमानत नाही, याचा अभ्यास तुमच्या नागपुरातच, वर्धा रोडच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत चालतो. तुम्ही विकता ते चालतं आणि पोरगी शिकते ते पाप?

यावर तुम्ही म्हणाल, झाड वेगळं, माणूस वेगळा. बरोबर, आणि हे म्हणणारे तुम्ही एकटे नाही. क्लोनिंगने तयार केलेली डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली, १९९७ मध्ये ती बातमी जगाला कळली. त्याच वर्षी जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह (म्हणजे धर्मशास्त्र) अकादमीने माणसाचं क्लोनिंग निषिद्ध ठरवलं, वनस्पती आणि प्राण्यांच्या बाबतीत मात्र मर्यादा घालून मोकळीक दिली. व्हॅटिकनचाही माणसाच्या क्लोनिंगला आणि भ्रूणांवरच्या प्रयोगांना ठाम विरोध आहे. आपल्याकडे सगळ्यांच्या वतीने निकाल देणारं एकच पीठ नाही, त्यामुळे प्रत्येक मंडपात वेगळा निकाल ऐकू येतो. गांधारीच्या शंभर कुंभांचा दाखला देऊन ‘क्लोनिंग आमच्याकडे होतंच’ म्हणणारे पालकही माझ्याकडे येतात. पुस्तक उघडायला दोघेही तयार नसतात.

तुमचा मुख्य गैरसमज असा की जेनेटिक्स म्हणजे माणसाच्या नकला काढणं. एका डॉलीसाठी २७७ प्रयत्न लागले होते. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार माणसाचं क्लोन जन्माला घालायला बंदी आहे. चीनमध्ये २०१८ साली एका शास्त्रज्ञाने भ्रूणांची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञच त्याच्यावर तुटून पडले आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली. भ्रूणात केलेला बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो, म्हणून तिथे धर्माचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि मलाही तो पटतो. पण विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकात बदल करायचा आणि परत त्याच्या अंगात सोडायच्या, अशा उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता दिली. हा बदल त्या रुग्णापुरताच, मुलाबाळांत उतरत नाही. अजून तो भयंकर महाग आहे. तो नागपूरच्या मेयो रुग्णालयात रांगेत बसणाऱ्या पोरांपर्यंत कोणी आणायचा?

आणि बी.फार्म.ने तुम्ही सुटणार नाही. सहाव्या सेमिस्टरला फार्मास्युटिकल बायोटेक्नॉलॉजी हा विषय आहे. जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांकडून इन्सुलिन कसं करून घेतात, हे ती तिथेही शिकणार आणि पेपरात लिहिणार.

खरा आक्षेप तुम्ही घेतलाच नाही. नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर नोकरी अवघड आहे. मिळाली तर क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये, बेताच्या पगारावर. एम.एस्सी.ला पर्याय नाही, आणि ती नावाजलेल्या संस्थेत करायची तर बहुतेक ठिकाणी जॅम किंवा गॅट-बी अशी प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. पाच-सात वर्षं खर्च झेपेल का, असं विचारलं असतं तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री करून पुढे जेनेटिक्स-प्लांट ब्रीडिंगकडे वळता येतं. तुमचं दुकान पाहता हा रस्ताही तिच्यासमोर ठेवा. ठेवा म्हणालो, लादा नाही.

आक्षेप कसा घ्यायचा हेही नागपूरने पाहिलंय. कपाशीसारखंच जनुक घातलेल्या बीटी वांग्यावर २०१० च्या जानेवारीत इथे जनसुनावणी झाली, शेतकरी आणि शास्त्रज्ञ मंत्र्यांसमोर तावातावाने बोलले. देशभर अशा सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारीत त्या वांग्याला स्थगिती मिळाली. कोणाला तुळशीवर हात ठेवावा लागला नाही. माणसांवर औषधांच्या चाचण्या होतात तिथल्या नीती समितीत तर नियमानेच एक जागा समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्र जाणणाऱ्या माणसाची असते. माळकरी घरातली, जेनेटिक्स शिकलेली मुलगी अशा टेबलावर बसली तर तुमच्या महाराजांचा प्रश्न तिथे कोणीतरी नीट मांडेल.

तेव्हा तिला दोन शब्द मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा, शपथ मागे घेतली म्हणून, आणि जिथे घ्यायला लावली तिथेच उभं राहून सांगा. मग तिचं ऐका, मध्ये न बोलता. तिला माझ्याकडे यायचं असेल तर एकटीला येऊ द्या. फॉर्म तिचा ती भरेल. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असेल, तेवढा तिला वाचून दाखवा.