बाबांना घेऊन दुबई आणि सिंगापूरला चाललोय, तिथले कोणते विचित्र कायदे आधीच माहीत पाहिजेत?

भाऊ, तुम्ही यवतमाळकडचे आणि बाबांना खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) लागतो असं लिहिलंय, म्हणून खर्र्यापासूनच सुरू करतो. मी गावात सेतू केंद्र चालवतो, पासपोर्टचे अर्ज भरून देतो. जाणारा प्रत्येक जण असेच विचित्र कायदे विचारतो आणि स्वतःची बॅग मात्र तपासत नाही.

सिंगापुरात 1992 पासून च्युइंगगम विकायला बंदी आहे, हे सगळेच सांगतात. पण बाबा कुठं च्युइंगगम खातात? गुटखा, खैनी, जर्दा 2016 पासून तिथल्या बंदीच्या यादीत आहेत, ते महत्त्वाचं. वरून रस्त्यावर थुंकलं तर पहिल्याच वेळी 1,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड. आपल्याकडे 2012 ला गुटखाबंदी झाली, तरी पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतोच, त्यामुळं कायदा कागदावरच असतो अशी आपली समजूत. ती समजूत आणि शर्टाच्या खिशातल्या पन्न्या, दोन्ही घरीच ठेवा. खिसे विमानतळावर नाही, घरून निघतानाच झाडा.

दुसरी गोष्ट खसखस. हसू नका. अफूच्या बोंडातलं बी ते, म्हणून दुबईत आणि सिंगापुरातही अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. आपल्याकडे किराण्यात उघड मिळतं, त्यामुळं कोणाच्या डोक्यातच येत नाही. अनारशांना लावलेली खसखस निदान दिसते तरी. सावजी रश्श्यासाठी आईनं कुटून दिलेल्या मसाल्यात ती दिसत नाही, पण असते. मसाला तिथं दुकानातून घ्या.

गोळ्यांचंही तसंच. दुखण्यावरची ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध यांवर दुबईत कडक नियंत्रण आहे. प्रवासाआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. गावातले डॉक्टर कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देतात, त्या तर नकोच. बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत ठेवा.

आणि हो, तुम्ही निघालात हे कळलं की शेजारच्या काकू त्यांच्या पोरासाठी डबा घेऊन येतीलच. नाही म्हणायला जड जातं, मला माहीत आहे. पण बॅग तुमच्या नावावर आहे, सापडेल त्याचा जाब तुम्हालाच विचारतील. डबा घ्यायचाच असेल तर काकूंसमोर उघडून पाहा. राग येईल, येऊ द्या.

बाकी दुबईत न विचारता बायामाणसांचे फोटो काढू नका. व्हॉट्सॲपवरची शिवीगाळसुद्धा तिथं गुन्हा आहे, तेव्हा गावच्या ग्रुपवर निवडणुकीचं भांडण चालू असेल तर परत येईपर्यंत ग्रुप म्यूट करून ठेवा.