एक रविवार चुकला आणि ब्लॉग थांबला

"सुरुवात जोरात होते, पण दोन-तीन महिन्यांत सगळं थंड पडतं. माझ्यात चिकाटीच नाही का?" ब्लॉग लिहिणाऱ्यांचा हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्यासमोर इतक्यांदा येतो की त्यावर एकदा सविस्तर लिहायचंच होतं. विचारणाऱ्या बहुतेकांना माझ्याकडून वेळापत्रक हवं असतं. ते मी करून देतेही, पण सगळ्यात शेवटी. आधी विचारते, लिखाण थांबलं त्या आठवड्यात नेमकं काय झालं?

ठाण्याच्या एका बाईंचं उदाहरण सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळिशीचं, नोकरी, घर, सासूबाई. पावसाळ्यात स्टेशनबाहेर शहापूर-कर्जतकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याकडून टाकळा, भारंगी, फोडशी आणायची, निवडायची कशी आणि करायची कशी ते त्यांनाच विचारायचं, आणि दर रविवारी ब्लॉगवर लिहायचं, असा या ठाण्याच्या बाईंचा नेम. जूनपासून तो नीट चालला. ऋषिपंचमीच्या आठवड्यात ऋषीच्या भाजीवर लेख ठरला होता. घरी गणपती, पाहुणे, लेख राहिला. त्यानंतर नऊ महिने एक ओळ नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा डायरीत रंगीत पेनांनी आखलेली तीन वेळापत्रकं होती. "यातलं एकही पाळलं नाही. मी आळशीच आहे."

"गणपतीतल्या रविवारी वेळ नव्हता, ठीक. त्याच्या पुढच्या रविवारी?"

"होता."

"मग?"

"ऋषिपंचमी होऊन गेल्यावर तो लेख कोण वाचणार? आणि दुसरं काही लिहायचं तर मधे खंड का पडला ते सांगायला हवं. एवढ्या दिवसांनी लिहिणार म्हणजे दणदणीतच हवं."

"आणि त्याच्याही पुढच्या रविवारी?"

"आणखी दणदणीत," म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या.

थकलेल्या कर्जावर व्याज चढतं, तसं हे चाललं होतं. चुकलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक पुढच्या लेखाकडून अपेक्षा वाढत गेली आणि शेवटी ती कुणालाच पेलण्यासारखी राहिली नाही. बाई आळशी नव्हत्या. आळशी माणूस तीन-तीन वेळापत्रकं आखत नाही.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर घडलेली समुपदेशक आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी ही पद्धत मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. तिचं सार मला रोज उपयोगी पडतं: माणूस घटनेपेक्षा त्या घटनेवर स्वतः दिलेल्या निकालाने जास्त खचतो. 'रविवारी लिहायला मला आवडेल' ही इच्छा झाली. 'रविवारी लिहिलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' हा हट्ट झाला. इच्छा एक रविवार सोडून देऊ शकते, हट्टाला ते जमत नाही.

हे बाईंना पटलं, पण नुसतं डोक्याने. खरा बदल पुढच्या एका भेटीत झाला. जूनची सुरुवात होती. मी म्हटलं, "ब्लॉग उघडून दाखवा." त्यांनी महिनोन्‌महिने तो उघडलाच नव्हता, लाज वाटायची. उघडला तर शेवळं या रानभाजीवरच्या वर्षापूर्वीच्या लेखाखाली त्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, 'काकडं मिळाली नाहीत तर काय घालू?' काकडं म्हणजे शेवळांची खाज जावी म्हणून त्यात घालायची आंबट फळं.

बाई फोन हातात धरूनच बोलायला लागल्या. "अहो, चिंचेचा कोळ चालतो. पण आधी हाताला तेल लावा. आतला पिवळा भाग काढून टाका, नाहीतर घसा खाजेल..." बोलत राहिल्या. चेहराच वेगळा दिसत होता. मी मधे एक शब्द बोलले नाही. संपल्यावर म्हटलं, "हा तुमचा पुढचा लेख. जसं बोललात तसाच."

"एवढाच?"

"या बाईंनी तुम्हाला नऊ महिन्यांचा हिशेब विचारलाय का?"

त्यांना हसू आलं, डोळेही भरून आले. ज्या वाचकाच्या धाकाने त्या गप्प होत्या, तो प्रत्यक्षात हातात शेवळं घेऊन मदत मागत होता. अशा क्षणासाठीच मी या खुर्चीत बसते.

त्या रात्री लेख गेला. वेळापत्रक आम्ही त्यानंतर आखलं. आठवड्याऐवजी पंधरवडा धरला. शनिवारी भाजी निवडतानाच फोनवर बोलून टिपण करायचं, कारण भाजी निवडणं तर चुकत नाही. नवी सवय जुन्या कामाला बांधली की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. लिहायचं एका दिवशी, सुधारायचं दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकदम करायला गेलं की पहिल्याच परिच्छेदावर अडकायला होतं. सणाचा लेख सणाआधी तीन आठवडे लिहून ठेवायचा. आणि खंड पडला तर काय, हे आधीच लिहून ठेवलं: पुढच्या ठरल्या दिवशी नेहमीएवढाच लेख. दुप्पट नाही, खुलासा नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे पुष्कळ जण ऐकून येतात आणि बाविसाव्या दिवशी निराश होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागत होते. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. आणि त्या सवयी खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या होत्या. लेख लिहिणं त्याहून अवघड, तेव्हा स्वतःला सवलत द्याच.

एक मात्र तपासा. लिखाणच नाही तर कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

तसं नसेल, फक्त ब्लॉग थांबला असेल, तर या आठवड्यातला एखादा साधा विषय घ्या आणि कुणी समोर बसून विचारतंय असं धरून दोनशे-तीनशे शब्द लिहा. 'बऱ्याच दिवसांनी लिहितेय' ही ओळ सुचेल. ती खोडा आणि लेख टाका.